बावीस इंची अमावास्या

गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव होण्यासाठी कोणतीही पात्रता लागत नाही; ज्या सभेत निवड होते त्या सभेला चुकून वेळेवर पोहोचले म्हणजे पुरते. नौपाड्यातील आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत चार वर्षांपूर्वी मी असाच वेळेवर पोहोचलो, आणि तेव्हापासून गच्चीची गळती, पाण्याच्या टाकीची सफाई आणि वार्षिक सर्वसाधारण सभा या तिन्ही गोष्टी माझ्या नशिबी आल्या. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस सभासदांना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. आमची सभा २८ तारखेच्या रविवारी ठरली होती. बोटे मोजून पाहिली तेव्हा लक्षात आले की नोटीस १३ तारखेच्या शनिवारी, म्हणजे त्याच दिवशी, फलकावर लागली नाही तर सगळेच मुसळ केरात जाणार होते.

नोटीस तयार होती. हिशेब तयार होते. थकबाकीदारांची यादीही तयार होती. हे सर्व माझ्या संगणकात होते आणि संध्याकाळी सहा वाजता मी संगणक सुरू केला तेव्हा बावीस इंची पडद्यावर अमावास्या होती.

अगदीच अमावास्या म्हणता येणार नाही. सुरुवातीला त्या काळोखात एक लहानशी चौकट उमटली, तिच्यात ‘नो सिग्नल’ अशी इंग्रजी अक्षरे दिसली, आणि पाच-सहा सेकंदांनी तीही लुप्त होऊन खालचा निळा दिवा नारिंगी होऊन मिचमिचू लागला. तीन हात नाक्यावर ज्याने उमेदीची वर्षे घालवली आहेत अशा ठाणेकराला सिग्नल नाही म्हटल्यावर खरे तर आनंदच व्हायला हवा. मला तो झाला नाही. थोडा विचार केला असता तर त्याच वेळी हेही कळले असते की ज्या मॉनिटरला ‘माझ्याकडे चित्र आलेले नाही’ हे अक्षरांत लिहून दाखवता येते, त्याचा पडदा, त्यामागचा दिवा आणि त्याचा वीजपुरवठा ठणठणीत आहे. पण विचार करण्याऐवजी मी त्याच्या माथ्यावर थापटी मारली.

या थापटीला परंपरा आहे. आमच्या लहानपणीच्या पेटीवजा टीव्हीत कुठेतरी सैल झालेला सोल्डरचा डाग थापटीने क्षणभर जागेवर बसत असे आणि बातम्या पुन्हा सुरू होत. त्यामुळे घरातल्या कर्त्या पुरुषाला विद्युतशास्त्र येते असा सर्वांचा समज होई. आजच्या मॉनिटरला थापटी मारण्याजोगे डोकेच उरलेले नाही. तो नुसता डुलला, आणि सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “आधी बंद करून चालू करून बघा ना.” मी बंद करून चालू केला. चौकट आली, चौकट गेली, दिवा मिचमिचला.

ही बातमी इमारतीत कशी पसरली ते मला ठाऊक नाही, परंतु दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे अप्पा टेस्टर खिशाला लावून दारात उभे होते. अप्पांची हयात वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या विद्युत विभागात गेली, आणि जगातील प्रत्येक बिघाड हा मुळात ‘सप्लाय’चा असतो यावर त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी बोर्डाच्या भोकात टेस्टर घातला, टेस्टर लागला, आणि अप्पांचा चेहरा पडला. सप्लाय निर्दोष सुटल्यावर त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. “मदरबोर्ड गेला,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून, सांत्वनाला आल्यासारखे, “म्हणजे त्या याद्याबिद्याही गेल्या असतील, नाही का?”

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ देखभाल शुल्क न भरणाऱ्या सभासदास आमच्या भाषेत थकबाकीदार म्हणतात, त्याच्या रकमेवर व्याज चढते, आणि अप्पांचे अकरा महिने झाले होते. मदतीला म्हणून आलेल्यांपैकी दोघांची नावे त्या यादीत होती, आणि दोघांचेही निदान ‘डेटा गेला’ असेच होते. ती यादी मोबाइलवर का ठेवली नाही, असे त्या संध्याकाळी मला सात जणांनी विचारले. त्यांपैकी एकालाही मी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही.

अप्पांच्या निदानाने मला खरे तर सावध व्हायला हवे होते. उलट मी पेटून उठलो आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली बसलो. ज्या डब्याला आपण सर्रास सीपीयू म्हणतो तो निव्वळ डबा असतो, सीपीयू ही त्याच्या पोटातली एक चिप असते, हे मला माहीत होते, आणि एवढे माहीत असणे हेच घातक ठरले. डबा उघडला. आत तीन पावसाळ्यांची धूळ, एका कोळ्याचे सुस्थितीतील घर आणि मध्यभागी रॅमची हिरवी पट्टी. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासले की मेलेला संगणक जिवंत होतो, असे मी कोणाकडून तरी ऐकले होते. या उपायात तथ्यही आहे, कारण दमट हवेत त्या दातांवर मळ बसतो आणि खालच्या खाचेशी त्यांचा संपर्क तुटतो. फक्त तो उपाय ज्या आजारावर आहे, तो आजार माझ्या संगणकाला झालेला नव्हता.

खोडरबर मुलीच्या जुन्या कंपासपेटीत सापडले. त्याला स्ट्रॉबेरीचा वास होता. मी दात घासले, पट्टी पुन्हा खाचेत बसवली, डबा सुरू केला, आणि संगणकाने शिट्टी मारली. त्यानंतर दुसरी मारली, आणि मग थोड्या थोड्या अंतराने तो लांबलचक शिट्ट्याच मारत सुटला. सौ.ने सवयीने गॅस बारीक केला. खालच्या काकूंनी खिडकीतून विचारले, “आज काय, राजमा का?”

सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो आणि पडदा चालू होण्याआधीच काही अडले तर शिट्टीवाटे तक्रार करतो, एवढी माहिती मला नंतर मिळाली. आधीपर्यंत तो एकच आखूड शिट्टी देत होता, म्हणजे ‘सर्व क्षेम’ म्हणत होता. आता तो रॅम मिळत नाही म्हणून टाहो फोडत होता, कारण मी पट्टीची एकच बाजू नीट दाबली होती. अशा प्रकारे, निरोगी यंत्र बिघडवण्यात मला अर्ध्या तासात यश आले होते.

मग दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो कासारवडवलीला होता. “निघालोच, काका,” तो म्हणाला. घोडबंदर रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी उच्चारलेल्या या दोन शब्दांना पंचांगातही मुहूर्त नाही. “तोपर्यंत मागची केबल काढून परत लावून बघा.”

मागे पाहिले. पूर्वी तेथे निळ्या डोक्याची जाड केबल असे, १९८७ सालापासून चालत आलेली, पंधरा पिनांची, दोन्ही बाजूंना आवळण्याचे स्क्रू असलेली. ती एकदा आवळली की संगणक भंगारात गेला तरी निघत नसे. तिची जागा घेणारी एचडीएमआय एकोणीस पिनांची आणि दिसायला सुबक, पण तिला धरून ठेवणारा स्क्रू नाही. पंख्याच्या वाऱ्यानेही तिचे मन विचलित होते. शिवाय डब्याला तशी भोके दोन होती. एक वर, मदरबोर्डचे. दुसरे खाली आडवे, भाच्याने सुट्टीत खेळांसाठी बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाचे. वेगळे कार्ड बसवले की वरचे भोक पुष्कळदा मुके होते, हे भाच्याने सांगितले होते की नाही ते आठवत नाही. केबल खालून काढून मी वर लावली, कारण वर हात सहज पोहोचत होता.

साडेसात वाजले. पहिल्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा क्लासहून परतताना शिट्ट्या ऐकून वर आला, दारातच थांबला आणि म्हणाला, “काका, एका वेळी एकच गोष्ट बदललीत ना?”

मी अप्पांकडे पाहिले. अप्पांनी टेस्टरकडे पाहिले.

मुलाने रॅमची पट्टी दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबली, ‘टक्’, ‘टक्’ असे दोन आवाज झाले आणि शिट्ट्या थांबून पूर्वीची एकच आखूड शिट्टी परत आली. केबल त्याने खालच्या भोकात नेली. मी आणि दुरुस्तीवाल्याने मिळून केलेले दोन्ही बिघाड दोन मिनिटांत दूर झाले, आणि आम्ही मोठ्या आशेने पडद्याकडे पाहिले. चौकट आली, चौकट गेली, दिवा मिचमिचला. मूळ दुखणे जेथल्या तेथे होते.

मुलगा खचला नाही. त्याने खोलीतला दिवा मालवला आणि बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका धरला. पडद्यामागचा प्रकाशच गेला असेल तर अशा झोतात चित्र पुसट दिसते, म्हणाला. झोतात अप्पांच्या बोटांचे ठसे, उदबत्तीच्या धुराची पुटे आणि माझा चेहरा दिसला. चित्र दिसले नाही. या पडद्यातले द्रवस्फटिक १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागले, आणि तेही गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना, हेही त्या मुलाने अंधारातच सांगितले. त्याच्या हाती आलेला पदार्थ दोनदा वितळत असे. एकदा गढूळ आणि नंतर स्वच्छ. म्हणजे माझ्यापुढची ही वस्तू वंशाने गाजराची पुंगी होती तर! म्हणीतली पुंगी वाजली नाही तर निदान मोडून खाता तरी येते.

“आता टीव्हीला लावून बघू,” मुलगा म्हणाला. “टीव्हीवर दिसलं तर डबा आणि केबल दोन्ही ठीक, दोष मॉनिटरचा.” युक्तिवाद बिनतोड होता, अडचण एवढीच की आठ वाजत आले होते आणि टीव्हीसमोर आई बसली होती. तिच्या मालिकेत त्या दिवशी सुनेला तिजोरीची किल्ली मिळणार होती. ब्रेक लागेपर्यंत डबा उचलून मी दिवाणखान्यात उभा राहिलो. ब्रेक लागला, केबल जोडली, आणि त्रेचाळीस इंची पडद्यावर माझा संगणक, सातपुडा पर्वताच्या त्या जुन्या छायाचित्रासह, लख्ख उघडला. खोलीत टाळ्या पडल्या. अप्पांनीही वाजवल्या.

“फाइल शाबूत आहे का बघू,” असे म्हणून मुलाने समोर दिसली ती पहिलीच फाइल उघडली.

रकमेच्या उतरत्या क्रमाने यादी लावण्याची कल्पना खजिनदारांची. पहिली ओळ लाल रंगात ठेवण्याची कल्पनाही त्यांचीच. आई गेली दोन वर्षे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नाही म्हणत आहे; त्या क्षणी मात्र ती आनंदाने ओरडली, “अग बाई, हे मला चष्म्याशिवाय वाचता येतंय!” आणि तिने ते मोठ्याने वाचले. नाव, सदनिका क्रमांक, महिने अकरा, व्याजासह रक्कम.

अप्पांनी चहाचा घोट शांतपणे गिळला. “टीव्हीचा रंग जरा भडक आहे,” ते म्हणाले. “मॉनिटरवर एवढं लाल दिसायचं नाही.”

दोष मॉनिटरचा ठरला आणि तो मुलाने उभ्या उभ्या शोधला. पडद्याच्या खालच्या कडेला, पालथ्या बाजूस, मोहरीएवढी एक खुंटी होती. तीन वर्षांत माझा हात तिला लागला नव्हता. त्याने ती दाबली, पडद्यावर पर्यायांची यादी उघडली, आणि मॉनिटर आपले चित्र कोठून घ्यायचे ते विसरून भलत्याच दाराशी बसला असल्याचे दिसले: केबल एचडीएमआयला लावलेली आणि तो वाट पाहत होता डिस्प्लेपोर्टवर. संध्याकाळभर जी चौकट येत-जात होती तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘डीपी’ असे लिहिलेलेही होते. मी ‘नो सिग्नल’पर्यंत वाचून थांबत होतो.

“पण ही खुंटी आपोआप कशी दाबली जाईल?” सौ.ने रास्त प्रश्न विचारला. कोणी बोलेना. एवढ्यात अप्पा, स्वतःशीच बोलल्यासारखे, म्हणाले, “काल मी माझा आकडा बघायला आलो होतो, तेव्हा खालून धरून जरा माझ्याकडे वळवला होता. तेव्हा तर दिसत होतं बुवा.”

नोटीस छापून होईपर्यंत अकरा वाजले होते. जिन्यातला दिवा गेलेला असल्यामुळे फलकावर ती लावताना मघाचीच बॅटरी अप्पांनी धरली. त्यांना खाली सोडायला म्हणून निघालो होतो, आणि टाचण्या त्यांच्या हातात होत्या. त्यांनी झोत ओळीओळीवरून फिरवत नोटीस पूर्ण वाचली आणि शेवटच्या ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यापाशी थांबले.

“यात एक विषय घ्या, सचिव,” ते गंभीरपणे म्हणाले. “संस्थेचं सगळं काम ज्यावर चालतं त्या संगणकाची देखभाल वेळच्या वेळी झाली पाहिजे. हयगय होतेय.”

देखभालीचा विषय त्यांनी स्वतःहून काढल्याची नोंद मी इतिवृत्तासाठी मनात करून ठेवली आणि चौथी टाचणी मागितली.