लिंबू, हळद, सोडा आणि सात दिवस

महिन्याभरात तोच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. शेवटचा आमच्या आत्याकडून, सोबत हात जोडलेले. मजकूर साधारण असा: मुरुम म्हणजे रक्त अशुद्ध झाल्याची आणि पोट साफ होत नसल्याची खूण. डॉक्टरांची मलमं मुरुम नुसते आत दाबतात, बंद केली की दुप्पट जोराने वर येतात. त्यापेक्षा ऋषिमुनींनी सांगून ठेवलेला उपाय करा. एक चमचा हळद, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर खायचा सोडा. चेहऱ्याला चोळून वीस मिनिटं ठेवा. लेप तांबूस झाला तर समजा घाण बाहेर येतेय. तेलकट आणि चॉकलेट बंद करा. सात दिवसांत मुरुम गायब. घरगुती आहे, त्यामुळे अपाय शून्य. दहा जणींना पाठवा.

मी औषधाच्या दुकानात बसते. मुरुमांसाठी काय द्यायचं हा प्रश्न रोज दोन-तीनदा तरी येतो आणि विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांनी हा किंवा याचा कुठला तरी चुलतभाऊ आधी करून पाहिलेला असतो. 'फेक आहे' एवढं लिहून आत्याला गप्प करता आलं असतं. पण मेसेजमध्ये खरंही थोडं मिसळलंय, आणि तेच पचायला जड जातं.

'रक्त अशुद्ध, पोट साफ नाही' इथून सुरुवात करू. चेहऱ्याच्या प्रत्येक रंध्राच्या आत केसाचं मूळ असतं आणि त्याला लागून तेलाची ग्रंथी. वयात येताना अँड्रोजेन वर्गातले हार्मोन वाढतात, मुलींमध्येसुद्धा, आणि ही ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी रंध्राच्या आतल्या भिंतीवरच्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. मागे तेल तुंबतं. त्या तेलावर जगणारा एक जीवाणू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, तिथे फोफावतो. मग सूज, लाली, पू. यात रक्तातली घाण कुठेच नाही. ती काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, आणि त्यांनी काम थांबवलं तर माणूस पुळ्या दाखवायला दुकानात येत नाही, दवाखान्यात भरती होतो. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर इसबगोल घ्यावं, पोटाला बरं वाटेल. मुरुमांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

ब्लॅकहेडचा काळेपणाही मळाचा नाही. उघड्या तोंडाच्या रंध्रातलं तेल हवेशी लागून आणि त्वचेतलं मेलॅनिन मिसळून काळं दिसतं. ते घासून निघत नाही. दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुणाऱ्या मुलांची कातडी कोरडी पडते, चुरचुरते आणि मुरुम होते तिथेच असतात. दोनदा साध्या फेसवॉशने धुतलं की झालं.

आता ऋषिमुनी. सुश्रुतसंहितेत या दुखण्याला मुखदूषिका म्हटलंय, आणि वर्णन इतकं नेमकं आहे की वाचून मी थक्क झाले होते: तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, शाल्मलीच्या काट्यांसारख्या पुळ्या. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिच्या खोडावरचे ते बसके, बुडाशी रुंद आणि टोकाला चोच असलेले काटे ज्याने हात लावून पाहिलेत, त्याला वेगळं चित्र दाखवायची गरज नाही. कारण म्हणून ग्रंथात कफ, वात आणि रक्त तिन्ही सांगितलेत, म्हणजे रक्ताचा उल्लेख आहे, तो मी लपवत नाही. पण हे दुखणं तारुण्याचं आहे हेही त्यातच आहे, आणि तारुण्यपिटिका हा शब्द आपण आजही तसाच वापरतो. उपाय म्हणून वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणं, आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप दिलाय. त्या लेपात लिंबू नाही, खायचा सोडा तर नाहीच नाही. तो लेप आज लावावा असं मी म्हणत नाही, मोहरी चेहऱ्याला चांगली झोंबते. मुद्दा एवढाच की ज्याने मेसेज लिहिला त्याने सुश्रुत उघडलेला नाही, नुसता वापरलाय.

लेपाकडे वळू, कारण खरं नुकसान इथे होतं. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (म्हणजे pH; सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण पाच. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास. खायच्या सोड्याचा आठाच्या वर. दोन्ही एकत्र केले की फस्स करून फेस येतो, आणि व्हिडिओत तो फेस जवळून दाखवतात. तो कार्बन डायऑक्साइड आहे. सोडा लिंबाला मारतो आणि लिंबू सोड्याला, उरतं ते खारट पाणी आणि जे जास्त पडलं असेल ते. तांबूस रंगाचं कोडं तर आपल्या देवघरातच सुटतं. हळदीला अल्कली लागली की ती तांबडी होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. सोडा हातून जास्त पडला की लेप तांबूस होणारच, चेहऱ्यावर मुरुम असोत की नसोत. विश्वास बसत नसेल तर तोच लेप ताटलीत कालवून ठेवा. ताटलीचंही रक्त अशुद्ध निघेल.

माझी भाची बारावीला आहे. गेल्या एप्रिलमध्ये तिने हा प्रकार सोडा वगळून केला, लिंबू आणि हळद. वीस मिनिटांनी तोंड घाईघाईत धुतलं आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाला दुपारी स्कूटीवर गेली. दुसऱ्या दिवशी गालावर आग, तिसऱ्या दिवशी बारीक फोड. माझ्याकडे आली तेव्हा डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत तपकिरी ओघळ होता. डाग नव्हे, ओघळ. रस जिथून निथळला तिथून, अगदी जबड्याखाली थेंब थांबला तिथपर्यंत. कुणी पातळ काढा ओतावा तसा. लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत सोरालेन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना उन्हातली अतिनील किरणं पडली की कातडी भाजते, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून लिंबावर कुणाचा संशय जात नाही. तिच्या आईला वाटत होतं, केकची ॲलर्जी. फोड आठवड्यात बसले. ओघळ दिवाळीच्या सुमाराला फिका झाला. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर कुठलीही जखम काळा डाग ठेवून जाते, आणि मुरुमापेक्षा तो डाग जास्त दिवस छळतो.

'घरगुती, म्हणून अपाय शून्य' याचं उत्तर त्या ओघळात आहे. बिब्बाही नैसर्गिकच आहे.

पण निसर्गातून आलेलं सगळंच कुचकामी, असंही नाही. चाचणीतून तावूनसुलाखून निघालेली उदाहरणं आहेत. टी ट्री हे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाचं तेल. 1990 साली तिथे 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री जेल आणि मुरुमांचं नेहमीचं औषध असलेलं 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरुम कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी झाली. आता हे 5 टक्के होतं हे लक्षात घ्या, बाटलीतलं तेल पातळ न करता लावलं तर तेच तेल कातडी सोलतं. ॲझेलेइक ॲसिड गहू, जव यांसारख्या धान्यांत सापडतं, मुरुम आणि त्यानंतरचे डाग दोन्हींवर ते चालतं आणि गरोदरपणातही डॉक्टर देऊ शकतात. मुरुमांवरच्या औषधांत असणाऱ्या सॅलिसिलिक ॲसिडचा इतिहास विलो झाडाच्या सालीपर्यंत जातो. कडुनिंब आणि हळद प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जीवाणूंना आणि सुजेला आवर घालतात, हे खरं. पण बशीला बूच बसलेलं रंध्र नसतं. पाला वाटून लावला तर तो वरच वाळतो, आत पोचत नाही. मुलतानी मातीने चेहऱ्यावरचं तेल तासाभरापुरतं शोषलं जातं, बरं वाटतं, लावा हवी तर. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाबद्दल माझ्या सासूबाईंशी मी वाद घालत नाही.

एका घरगुती सवयीबद्दल मात्र घालते. कपाळावर आणि कानशिलांवर बारीक पुळ्यांची रांग असेल, तर आधी डोक्याचं तेल बघा. रात्री खोबरेल चपचपून झोपायचं, ते उशीवर आणि उशीवरून कपाळावर. केसांना लावायच्या तेलकट पदार्थांमुळे कपाळावर मुरुम येतात हे 1970 पासून त्वचारोगतज्ज्ञांच्या लेखनात आहे. तेल लावायचंच असेल तर न्हायच्या आधी तासभर लावून धुऊन टाकावं.

'मलमं मुरुम आत दाबतात' या वाक्यात मात्र एक खरं दुखणं लपलंय. मलम दुप्पट जोराने उलटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या आठवड्यात एक मुलगा मोबाईलवर रिकाम्या ट्यूबचा फोटो घेऊन आला, 'हीच द्या, दुसरी चालत नाही.' पार्लरमध्ये कुणीतरी सांगितलेली. तीन औषधांचं मिश्रण, त्यातलं एक स्टेरॉइड. हे लावलं की सूज चार दिवसांत बसते, रंग उजळतो, माणूस खूश. महिन्याभरात कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, नव्या पुळ्या उठतात, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून तो पुन्हा तेच लावतो. आपल्याकडे हे इतकं झालंय की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडच्या कित्येक मलमांना शेड्यूल एच मध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मिळतात. आमच्या धंद्याला हे शोभत नाही. त्या मुलाला मी ट्यूब दिली नाही, तो पुढच्या दुकानात गेला.

पण या एका ट्यूबवरून सगळ्या मलमांना झोडपणं चूक आहे. ॲडापॅलीन रंध्रातलं बूच बसू देत नाही, आत दाबणं तर दूरच. बेंझॉइल पेरॉक्साइड जीवाणू मारतं, आणि अडीच टक्केवालं जवळजवळ दहा टक्केवाल्याइतकंच काम करतं, जळजळ मात्र कमी. नुसतं क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल महिनोन्महिने लावणारे बरेच येतात, त्यांचे जीवाणू औषधाला सरावतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरायचं असतं. ॲडापॅलीन गरोदरपणात टाळतात. पोटातून घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन तर त्या काळात गर्भाला फार धोक्याचं, ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावं.

आहाराचा मुद्दा मी पूर्ण खोडत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर बाराशे माणसं तपासली, पॅराग्वेतल्या आचे जमातीतली 115, एकालाही मुरुम सापडला नाही, हे 2002 साली छापून आलं. त्यांच्या जेवणात साखर-मैदा फार थोडा होता. अर्थात त्यांचं बाकी आयुष्यही आपल्यासारखं नाही, त्यामुळे सगळं श्रेय जेवणाला देता येत नाही. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात 43 तरुणांना दोन गटांत विभागून बारा आठवडे वेगवेगळं जेवण दिलं, तेव्हा रक्तातली साखर हळू वाढवणारं जेवण घेणाऱ्यांचे मुरुम जास्त कमी झाले. म्हणजे बोट ठेवायचंच तर वडापावच्या तेलावर नको, पावावर आणि कटिंगमधल्या साखरेवर ठेवा. जिममधल्या मुलांनी व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर, सुरू केल्यावर मुरुम उठल्याची वर्णनंही डॉक्टरांनी नोंदवलीत.

उरले सात दिवस. डोळ्यांना दिसणारी साधी पुळी आठवड्याभरात आपणहून बसते. लेप लावा किंवा लावू नका. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण आज जी पुळी दिसते तिचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसलेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात दिसणारी बुचं आत्ता तयार होताहेत. म्हणून कुठलंही औषध, झाडाचं असो की कारखान्याचं, दोन-तीन महिने रोज, पुळीवर नव्हे तर मुरुम येतात त्या सगळ्या भागावर लावल्याशिवाय त्याचा निकाल लावता येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत कोरडं पडतं, कधी जास्तच वाईट दिसतं. बहुतेक जण तिथेच सोडतात आणि मला येऊन सांगतात, 'ताई, सूट नाही झालं.' मोठ्या दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर केस वाढत असतील, तर ते तीन महिनेही थांबू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

भाची आता रात्री अडीच टक्केवालं जेल लावते. चौथा महिना आहे, कपाळ साफ झालंय, गालावर दोन-चार पुळ्या आहेत. तक्रार एकच आणि ती तिच्या आईची: बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो हे मी सांगायला विसरले, आणि दोन निळे अभ्रे पांढरे ठिपके घेऊन बसलेत. मी पांढरे अभ्रे पाठवून दिले.