भगिनींनो, सभागृह क्रमांक दोनमध्ये बसा

बांधकाम क्षेत्रातील महिलांनी एकत्र यावे, एकमेकींच्या पाठीशी उभे राहावे, अशी तळमळ अलीकडे सर्वांनाच लागली आहे, आणि त्यातही पुरुषांना ती अंमळ जास्तच लागली आहे, ही मोठ्या समाधानाची बाब होय. यंदाच्या अभियंता दिनी मी ती अगदी जवळून पाहिली. तिच्यापायी माझे पंधराशे रुपये, एक रजा आणि एक चांगले व्याख्यान एवढेच गेले. पण त्या बदल्यात जे शहाणपण आले, ते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलींच्या पदरात घालावे, म्हणून पुढील सूचना करीत आहे.

घडले ते असे. आमच्या शहरातील अभियंते आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने विश्वेश्वरय्यांच्या जयंतीनिमित्त, १५ सप्टेंबरला, दिवसभराचे चर्चासत्र ठेवले होते. साडेअकरा वाजता पोस्ट-टेन्शन स्लॅबच्या, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या पोलादी केबल ताणून बळकट करतात त्या स्लॅबच्या, केबलला ताण देताना होणाऱ्या चुका हा विषय होता आणि केवळ त्यासाठी मी नाव नोंदविले होते. दारात बिल्ला लावलेल्या एका उत्साही मुलाने मला अडविले. "मॅडम, तुमचं इथं नाही. लेडीजचं दोन नंबरला आहे." दोन नंबरच्या सभागृहात 'घर, करिअर आणि ताणतणाव' या विषयावर एक गृहस्थ बोलणार होते. म्हणजे एका सभागृहात केबलच्या ताणाचा विचार चालला होता आणि दुसऱ्यात आमच्या. फरक इतकाच, की केबलला किती ताण द्यायचा हे आधी हिशेब करून ठरवितात.

आम्ही एकोणीस जणी होतो. त्यांत एका आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटची गुणवत्ता सांभाळणारी एक होती, बावीस मजली इमारतीचे स्ट्रक्चरल डिझाइन केलेली एक होती आणि सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या गृहस्थांनी आम्हाला डोळे मिटायला लावले, खोल श्वास घ्यायला लावला आणि सासूला मैत्रीण मानावे असे सुचविले. निघताना पिशव्या मिळाल्या. पुरुषांच्या पिशवीत वही, पेन आणि पाच मीटरची टेप होती. आमच्या पिशवीत मसाल्याचा डबा. त्यात वाट्या सात होत्या, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

तेव्हा पहिली सूचना अशी, की संघटनेने 'महिला विंग' काढली, की आनंदाने तिच्यात जा आणि निधी, सभागृह, विषय आणि वक्ते यांचे निर्णय कोण घेते, याची चौकशी करू नका. विंग म्हणजे पंख. पंख कोंबडीलाही असतात.

पद मिळत असेल तर सहचिटणीसाचे घ्या. त्यात कशावरही सही करावी लागत नाही.

प्रमुख पाहुण्यांनी सुधा मूर्तींच्या पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली, की ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा करा. नोकरीच्या जाहिरातीत 'महिलांनी अर्ज करू नयेत' असे लिहिले होते आणि त्यावर त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठविले, ही गोष्ट मोठीच आहे. पण ती सांगणाऱ्या पाहुण्यांच्या स्वतःच्या कंपनीत साइटवर किती मुली आहेत, हे विचारून रंगाचा बेरंग करू नये.

यापुढची सूचना मात्र नीट समजून घ्या. पुरुषांच्या गोतावळ्याला कधीही गोतावळा म्हणायचे नसते. त्याला 'व्यवसाय' म्हणतात. ही मंडळी रात्री नऊनंतर हायवेवरच्या ढाब्यावर 'बसतात', जानेवारीत कोणाच्या तरी शेतावर हुरड्याला जमतात, रविवारी बॉक्स क्रिकेट खेळतात, आणि कोणत्या कामाला कोणता सल्लागार घ्यायचा, कोणत्या सेंटरिंगवाल्याला काय दर द्यायचा, कोणाचे बिल आधी सोडायचे आणि कोणाचे दिवाळीनंतर, हे सारे तिथेच ठरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दर काढून, कागद नीट लावून त्यांच्या कार्यालयात गेलात, की "मॅडम, ते कालच फायनल झालं," असे अतिशय सौजन्याने सांगण्यात येते. काल म्हणजे केव्हा, हे विचारायचे नसते. बोलावले का नाही, हेही विचारायचे नसते, कारण ते केवळ आपल्या काळजीपोटी बोलावलेले नसते: "तुम्हाला उशीर होईल, घरचं बघायचं असतं, म्हणून त्रास दिला नाही." याच मंडळींचा स्लॅब रात्री दोन वाजता भरायचा असतो, काँक्रीट आणणारे ट्रान्झिट मिक्सर वाहतुकीत अडकलेले असतात, ठेकेदाराचा माणूस काँक्रीट सैल करायला त्यात पाण्याचा पाइप सोडायच्या बेतात असतो, तेव्हा माझे घर कोणालाही आठवत नाही. तेव्हा "मॅडम आहेत ना, मग चिंता नाही." रात्र स्लॅबला चालते, जेवणाला चालत नाही, आणि हे सांगणाऱ्याला आपण काय बोलत आहोत हे खरोखरच कळत नसते, याचाच मला जास्त संताप येतो.

उलट चार बायका एकमेकींना फोन करून दर विचारू लागल्या, की ती भिशी होते. आम्ही सहा जणींनी तीन वर्षांपूर्वी मोबाइलवर एक गट केला आणि त्याचे नाव 'कव्हर ब्लॉक' ठेवले. सळई शटरिंगला, म्हणजे खालच्या साच्याला, टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटची जी बोटभर वडी ठेवतात, ती. साध्या स्लॅबला वीस मिलिमीटरची. काँक्रीट पडले की ती कोणाला दिसत नाही, आणि ती ठेवली नसेल तर काही वर्षांनी सळई गंजून छताचे पापुद्रे पडू लागतात. या गटावर सुविचार नाहीत आणि फुलेही नाहीत. कोणता विकासक तीन-तीन महिने पैसे अडकवितो, कोणाकडून रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, कधीच परत येत नाही, कोण क्यूब टेस्टच्या, म्हणजे काँक्रीटची मजबुती तपासणाऱ्या चाचणीच्या, अहवालावर न पाहता सही करायला लावतो, कोणत्या साइटच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे, एवढेच असते. संघटनेच्या अध्यक्षांच्या हे कानावर गेले तेव्हा ते हसून म्हणाले, "आमच्यातल्या एखाद्याला घ्या की त्यात, मार्गदर्शनाला." म्हणून सूचना : तुमच्या गटात एक पुरुष मार्गदर्शक अवश्य घ्या, म्हणजे कोण पैसे बुडवितो हे बुडविणाऱ्यालाही वेळेवर समजेल.

स्वच्छतागृहाचा विषय चारचौघांत काढू नका. बांधकाम कामगारांसाठी केलेल्या १९९६ च्या कायद्यात पुरेशी शौचालये हवीत, पन्नासहून अधिक महिला कामगार असतील तर पाळणाघर हवे, असे लिहिले होते, आणि ते लिहिलेलेच बरे दिसे. माझ्या पहिल्या साइटवर घमेली वाहणाऱ्या एका बाईने स्वतःच्या झोपडीमागे तीन पत्रे आणि एक जुने पातळ बांधून आडोसा केला होता आणि मी येताना दिसले की ती काही न बोलता पाण्याचा डबा तिथे ठेवी. या क्षेत्रात मला मिळालेला पहिला आधार तो. पुरुषांचे म्हणतात त्या या क्षेत्रात ती माझ्याआधी वीस वर्षे होती, फक्त तिला कोणी गवंडी होऊ दिले नाही.

इतिहास वाचू नका, त्याने डोके फिरते. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात देशातील पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक, ए. ललिता, शिकायला गेल्या, तेव्हा चार महिन्यांची मुलगी कडेवर असताना अठराव्या वर्षी वैधव्य आलेल्या या बाई तिथे एकट्याच होत्या. मग आणखी मुलींना प्रवेश मिळाला आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया सिव्हिलला आल्या. त्यांच्या प्रमाणपत्रावर छापलेला 'ही' खोडून 'शी' लिहावे लागले होते. थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. वसतिगृहात तिघी जमल्या, त्यातून एवढे झाले, आणि त्यांना कोणी सभागृह क्रमांक दोन दिले नव्हते.

शेवटची सूचना ज्येष्ठ भगिनींना, म्हणजे मला. एखादी मुलगी रडत आली, तर तिला सांगा, "आम्हीही सोसलं, तूही सोस." मी सांगितले आहे. तेवीस वर्षांची मुलगी होती. ठेकेदार तिच्या हातातला नकाशा काढून घेई आणि तिच्यादेखत ड्रायव्हरला समजावून सांगे. मला वाटले, ती घट्ट होईल. ती बँकेच्या परीक्षेला बसली आणि आज कर्जाचे अर्ज तपासते. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कापण्या-वाकविण्याचा तक्ता, तिच्याइतके स्वच्छ काढणारे मला अजून मिळालेले नाही. तिच्यासाठी त्या ठेकेदाराला एक फोन करायला मला दोन मिनिटे लागली असती.

आता थट्टा पुरे. अध्यक्ष महोदय, आम्हाला तुमची विंग नको, सत्कार नको, नारळ नको. केबलवरचे ते व्याख्यान मला ऐकायचे होते, कारण नोव्हेंबरात माझ्या साइटवर पहिला पोस्ट-टेन्शन स्लॅब आहे आणि त्याखाली उभे राहणारे लोक मॅडमच्या भरवशावर उभे राहणार आहेत. त्या व्याख्यानाच्या स्लाइड्स मी दोनदा मागितल्या. "सर पाठवतील" असे दोनदा ऐकले. ज्यांनी पैसे भरले त्यांना दारातून परत पाठविणे आणि त्याला सन्मान म्हणणे ही फसवणूक आहे, आणि ती करताना तुमच्यातल्या एकालाही लाज वाटली नाही. जे दोन-चार जण समजूतदार म्हणवितात आणि नंतर पार्किंगमध्ये मला "तुमचं बरोबर आहे हो" असे हळू आवाजात सांगतात, त्यांनी ते सभेत माइकवर सांगावे, नाहीतर माझ्याशी बोलूही नये. सोमवारी अकरा वाजता मी पावती घेऊन संघटनेच्या कार्यालयात येत आहे. पंधराशे रुपये आणि स्लाइड्स तयार ठेवा. मसाल्याचा डबा मी सोबत आणते, सातही वाट्यांसकट.