किलोभर गांजा माफ असतो म्हणे!

"एक किलोपर्यंत गांजा सापडला तर केस होत नाही, दंड भरून सुटतो. स्वतःपुरता होता म्हणायचं. शेतात चार-दोन झाडं चालतात. पंच फिरवले की मॅटर खलास. वीस किलोच्या वर असेल तर मात्र वकिलावर पैसे घालू नका, जामीन होतच नाही."

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मेसेज मला आतापर्यंत तिघांनी पाठवला. तिसरा होता लातूरला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोराचा बाप. खाली विचारलं होतं, "वकीलसाहेब, हे खरं हाय ना?" पोरगं आदल्या रात्री ४०० ग्रॅमसह धरलं गेलं होतं आणि बाप दहा हजार रुपये खिशात घालूनच कोर्टात आला होता.

किलोचा आकडा हवेतून आलेला नाही. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली केंद्राने १९ ऑक्टोबर २००१ ला अधिसूचना काढली, तिच्यात गांजाचं अल्प प्रमाण १ किलो आणि व्यापारी प्रमाण २० किलो ठरवलं. पण अल्प म्हणजे माफ नव्हे. कलम २० प्रमाणे अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा, कमाल वीस वर्षं. शिवाय या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये रिया चक्रवर्ती प्रकरणात म्हटलंय. म्हणजे थोड्या मालावर जामीन सहसा लवकर होतो, पण तो कोर्टातूनच घ्यावा लागतो. किलोचा हिशोब एमडीला (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीला) लावणारी पोरंही मी पाहिलीत. तिथे अल्प प्रमाण २ ग्रॅम आहे आणि व्यापारी ५० ग्रॅम, तेही भेसळीसकट तोलून!

आणि तो "दंड भरून सुटतो" हा भाग? कोर्टाच्या व्हरांड्यात असा सल्ला देणारे फुकट भेटतात. गुन्हा कबूल करून दंड भरला की ती शिक्षाच असते, सुटका नाही. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत ती दिसते. पुन्हा तसाच गुन्हा शाबीत झाला तर कमाल शिक्षा दीडपट होते. त्या बापाला मी पैसे खिशातच ठेवायला लावले.

"स्वतःपुरता होता" म्हटल्याने गुन्हा पुसला जात नाही. नुसत्या सेवनालाही कलम २७ आहे. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र याच कायद्यात एक दार आहे आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ प्रमाणे त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. खरं सांगायचं तर आम्ही वकीलही हे कलम वेळेवर काढत नाही.

आता शेत. आपल्याकडे तुरीच्या नाहीतर कपाशीच्या ओळीत लावलेली झाडं सापडतात आणि पहिला माणूस उचलला जातो तो सातबाऱ्यावर नाव असलेला म्हातारा. "चार-दोन झाडं चालतात" ही शुद्ध थाप आहे. लागवडीच्या कलमात वजनाच्या पायऱ्याच नाहीत; एक झाड असो की शंभर, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आपल्या रानात अशी लागवड आहे हे ठाऊक असून कळवलं नाही तरी मालकावर गुन्हा होतो. सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवरही कळवण्याची जबाबदारी कलम ४७ ने टाकलीय.

पण बचावाची खरी जागाही इथेच आहे. कलम ५४ चं गृहीतक, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा आरोपीनेच केला असं धरून चालणं, हे आरोपीने स्वतः कसलेल्या जमिनीबद्दल आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसतो दुसराच, हे मराठवाड्यात नवं नाही. बटाईपत्र, पीक पेरा, शेजाऱ्याची साक्ष, हे सगळं पहिल्याच आठवड्यात गोळा करायचं असतं. दुसरी जागा वजनाची. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे; शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात येत नाहीत. पंचनाम्यात मात्र ओलं झाड मुळं, खोड, मातीसकट काट्यावर चढतं आणि वीस किलो सहज पार होतात. शेंडे वेगळे तोलले का, हा प्रश्न तिथे लाखमोलाचा ठरतो.

पंचांबद्दल थोडक्यात सांगतो. पंच फितूर झाला म्हणून केस पडत नाही. पोलिसांची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही शिक्षा होते. पंच फिरवायला गेलात तर हातातला जामीनही जाईल. लढाई कागदावर असते. मिळालेली खबर लिहून ७२ तासांत वरिष्ठाकडे गेली का? अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला का? (हा हक्क अंगझडतीपुरता, माल पिशवीत किंवा डिक्कीत निघाला तर कलम ५० उपयोगी पडत नाही.) नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का? एखादी चूक दिसली की आरोपी सुटलाच, असं मात्र धरू नका. चुकीमुळे जप्तीवरच शंका येते हे दाखवावं लागतं. तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफानसिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. तरी कोऱ्या कागदावर सही करू नये, हे काय सांगायला हवं?

मेसेजमधलं जामिनाचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते वाचून माणसं हातपाय गाळून बसतात. व्यापारी प्रमाणात कलम ३७ ची अट कडक आहेच: आरोपी दोषी नाही आणि सुटल्यावर गुन्हा करणार नाही, असं मानायला कोर्टाला वाजवी कारण दिसलं पाहिजे. पण १८० दिवसांत आरोपपत्र आलं नाही आणि कोर्टाने मुदत वाढवली नाही, तर जामीन हक्काने मिळतो. अर्ज मात्र आरोपपत्र येण्याआधी पडला पाहिजे. खटला वर्षानुवर्षं रखडला तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. आणि एक ते वीस किलोच्या मधल्या गांजाला ही अट लागूच नाही. तिथे आरोपपत्राची मुदत ६० दिवसांची. ही तारीख कॅलेंडरवर घरच्यांनीच गोल करून ठेवावी, वकिलाच्या भरवशावर राहू नये.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.