गावाचा इतिहासकार कोण?

कोयनेच्या बॅकवॉटरभोवती ‘नवं महाबळेश्वर’ वसवायचं, या सरकारी योजनेवरून आमच्या पाटणकडच्या नातेवाइकांत जोरात वाद चालू आहे. सातारा, पाटण, जावळी तालुक्यांतली दोनशेवर गावं त्यात येतात. पोरांनी मुंबईला जाऊन किती पिढ्या माथाडी करायची, चार पैसे इथंच मिळू देत, असं एकांचं म्हणणं. डोंगर फोडून रिसॉर्ट झाली की झरेही आटतील आणि जमिनीही हातच्या जातील, असं दुसऱ्यांचं. मला दोघांचंही पटतं. पण इथं, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हिंडताना सतत जाणवतं, की आपल्या वादात एक माणूस गैरहजर आहे. या गावांची हकीकत लिहून ठेवणारा.

सेनेका काउंटी न्यूयॉर्क शहरापासून गाडीने पाचेक तासांवर. हिमनद्यांनी कोरलेली दोन लांबलचक तळी, पश्चिमेला सेनेका आणि पूर्वेला कायुगा, आणि मधे ही चिंचोळी पट्टी. सेनेका तळं १८८ मीटर खोल आहे. लोकवस्ती ३४ हजारांच्या आसपास. मक्याची शेतं, द्राक्षमळे, रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या मेनोनाइट या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या घोडागाड्या. ओव्हिड गावात उतरत्या उंचीच्या तीन जुन्या सरकारी इमारती ओळीनं उभ्या आहेत, लोक त्यांना ‘तीन अस्वलं’ म्हणतात. मुद्दाम वाट वाकडी करून जावं असं भव्य काही नाही. तरी मी पुन्हापुन्हा जातो, कारण इथं दर दोन-चार मैलांवर कुणीतरी काहीतरी नोंदवून ठेवलंय.

सेनेका फॉल्स हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं गाव. १९ आणि २० जुलै १८४८ रोजी इथल्या वेस्लियन चॅपलमध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा भरली. सुमारे ३०० लोक जमले, जाहीरनाम्यावर १०० जणांनी सह्या केल्या, त्यांत ३२ पुरुष होते. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, तिची आठवण म्हणून वॉशिंग्टनला महिलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा आपल्या पंडिता रमाबाई तिथं उपस्थित होत्या. पुढं त्या चॅपलमध्ये नाटकगृह झालं, गॅरेज झालं, कपडे धुण्याचं दुकानही झालं. १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला म्हणून उरलेल्या भिंती वाचल्या.

मला त्याहून जास्त थांबवतं ते गावाशेजारचं व्हॅन क्लीफ तळं. गावाला नाव देणारे धबधबे आज नाहीत. १९१५ मध्ये कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा ते बुडाले, आणि त्यांच्यासोबत शंभरावर इमारतींचा गिरण्या-कारखान्यांचा अख्खा भाग गेला. कोयनाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दक्षिणेला थोडं गेलं की आणखी ओळखीची गोष्ट भेटते. १९४१ मध्ये सैन्याच्या दारूगोळ्याच्या कोठारासाठी १० हजार एकरांवर जमीन घेतली, आणि शेतकरी कुटुंबांना काही आठवड्यांत घरं रिकामी करायला लावली. कुंपणाच्या आत पांढऱ्या हरणांचा कळप वाढला, तो बघायला आज लोक येतात. पण कुणाचं शेत कुठं होतं हेही विचारलं तर सापडतं. विलर्डच्या मनोरुग्णालयाचंही तसंच. ते १९९५ मध्ये बंद झालं तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या सुमारे ४०० सुटकेसेस निघाल्या. भंगारात न जाता त्या राज्याच्या संग्रहालयात गेल्या.

हे आपोआप घडत नाही. न्यूयॉर्क राज्यानं १९१९ मध्ये कायदा केला, की प्रत्येक शहरानं, टाउननं (काउंटीच्या पोटविभागानं) आणि खेड्यानं आपला इतिहासकार नेमायचा. काउंटीचाही असतो. बहुतेकांना मानधन जेमतेम, काम अर्धवेळ. जुनी कागदपत्रं सांभाळणं, माणसांकडून ऐकलेलं टिपणं, शाळेत जाऊन सांगणं, जुनी वास्तू पाडायची वेळ आली तर सल्ला देणं. शंभराहून अधिक वर्षं हे चालू आहे.

अमेरिकेतलं सगळं छान, असं मी म्हणत नाही. १७७९ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धात, अमेरिकी जनरल सलिव्हनच्या फौजेनं याच तळ्यांकाठी सेनेका आणि कायुगा या मूळ रहिवासी लोकांची गावं, पिकं, फळबागा जाळल्या. केंडाया हे गाव त्यांतलंच. मोकळी झालेली जमीन सैनिकांना वाटली गेली, आणि नव्या टाउनना ओव्हिड, रोम्युलस अशी रोमन नावं पडली. १९२९ मध्ये त्या मोहिमेच्या दीडशे वर्षांचे दगड उभारले, त्यांवर गौरव फौजेचा आहे. नेमणूक कुणाची होते यावर इतिहास कुणाचा लिहिला जातो हे ठरतं, आणि तो धोका आपल्या जातीपातीच्या गावगाड्यात तर दुप्पट आहे.

तरीही हे पद आपल्याकडे हवंच. गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करणारे इतिहासकार वि. का. राजवाडे आपल्याच मातीतले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही लोकांच्या उत्साहावर. पण त्या परंपरेचा भर राजकारण आणि लढायांवर राहिला, आणि गावपातळीवर तिला पगाराचा, कपाटाचा, कायद्याचा आधार कधी मिळाला नाही. २०२५ मध्ये आपले ११ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीचं काय? बामणोलीहून बोटीनं वासोट्याला जाणाऱ्या पर्यटकाला, तो ज्या पाण्यावरून चाललाय त्याच्या खाली कोणाची गावठाणं आहेत, हे सांगणारी पाटी कोण लावणार?

माझी मागणी साधी आहे. योजनेत येणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक इतिहासकार नेमावा. निवृत्त शिक्षक चालेल, बारावी झालेली मुलगीही चालेल. सोबत वाडी-वस्तीतल्या सगळ्या समाजांची माणसं घेतलेली छोटी समिती असावी. त्यांचं मानधन योजनेच्या खर्चातच धरावं, आणि त्यांची नोंदवही ग्रामसभेत वाचून झाल्याशिवाय पहिल्या रिसॉर्टला परवानगी देऊ नये. धरणात गेलेल्या गावांतली बरीच माणसं पुढं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरकडे वसवली गेली. बुडालेली शीव आणि यात्रेची वाट ज्यांनी चालून पाहिली, त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे. नोंदवहीचं काम त्यांच्यापासून सुरू करावं लागेल, आणि याच वर्षी.