दुसरा भाग रिकामाच आहे

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर एक काका माझ्या पुस्तकावर बसले. चुकून नव्हे, चांगले विचारून.

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' दोन जाडजूड भागांत आहे. पहिला माझ्या हातात, दुसरा मांडीवर. बाकडी पावसाने ओलीगच्च. "तुम्ही पहिला वाचताय ना? मग हा रिकामाच आहे," म्हणत काकांनी दुसरा उचलला, बाकड्यावर आडवा घातला आणि वर ऐसपैस बसले. मग चौकशी सुरू.

"कसलं पुस्तक?"

"खोतांच्या घराण्याची गोष्ट आहे. जगबुडीकाठच्या."

जगबुडीचं पाणी वाशिष्ठीतून याच खाडीत येतं, हेही सांगणार होतो, पण काकांना पाण्यात रस नव्हता.

"जमीन किती?"

"कादंबरी आहे हो, काका."

"ते असू दे. सातबारा कोणाच्या नावावर?"

पुढे १९४९चा खोती रद्द करणारा कायदा, कुळकायदा, आजोळची कलमं आणि ती गिळणारे चुलतमामा, अशी काकांचीच कादंबरी निघाली. माझं बोट पानात तसंच अडकलेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग निकाल कोणाकडून लागला?"

"तो तुमच्या बुडाखाली आहे," मी म्हणालो. काका जागचे हलले नाहीत.

गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' हातात असता तर जमलं असतं आमचं. पेणजवळच्या वरसईचा माणूस १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत जातो आणि थेट झाशीच्या वेढ्यात सापडतो. काकांनी पहिला प्रश्न दक्षिणेचाच केला असता. भटजीही पैशाअडक्याचं लपवत नाहीत, म्हणून तर मला ते खरे वाटतात. प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' मात्र कोकणात वाचू नये. तिथे हिमालयाचा कडा फोडून रस्ता नेतात. इथे मुंबई-गोवा महामार्गावरून पुस्तक वाचत जायचं म्हटलं तर ओळ सापडेपर्यंत पुढचा खड्डा येतो.

मला राग बसण्याचा नाही. बरं, थोडा आहे. पण शेजारचा पोरगा धक्का येईपर्यंत फोनवर रील बघत होता, त्याच्या हातातून फोन काढून त्यावर कोणी बसलं? वाचणारा माणूस म्हणजे मोकळाच बसलेला, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

धोपावे आल्यावर काकांनी पुस्तक शर्टाला पुसून परत दिलं. "जाड आहे, बरं असतं," एवढा अभिप्राय दिला. समीक्षक याहून फार काही सांगतात असं नाही.

वाचनालयात दुसऱ्या भागाची फुगलेली पानं बघून ग्रंथपालबाईंनी चष्मा वर केला. भरपाई दोन्ही भागांची मागितली. संच फुटत नाही म्हणे. पहिल्यावर कोणी बसलंसुद्धा नव्हतं हो!