‘काका, आधी पाना धरा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

घरी बांधलेल्या हेलिकॉप्टरमध्ये बसून उडायच्या भानगडीत पडू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘देशी मेकॅनिक’ असं टोपणनाव घेतलेले नाशिकचेच कुणी गृहस्थ लिहितात: "काका, आयुष्यात कधी पाना धरला नाही आणि चालले उपदेश करायला. वेल्डिंग मजबूत असलं की काही होत नाही. कारखान्यातली हेलिकॉप्टरं पण पडतातच. अमेरिकेत लोक घरी बांधून उडवतात. मराठी माणूसच मराठी पोरांचे पाय ओढतो."

काका म्हणालात, चालेल, केस पांढरे झालेतच. पण ‘चालले उपदेश करायला’ ही काय बोलायची पद्धत? सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकावर, चहाच्या टपरीवर समोर उभे असतात तर हेच असं बोलला असतात का? मथळा जरा भडक होता, एवढं मान्य. त्यापुढे नाही.

आता पाना. अंबडच्या एमआयडीसीत माझी नोकरी इन्स्पेक्शनला गेली. वेल्ड केलेले ब्रॅकेट घेऊन येणारा एक सप्लायर माझ्यासमोर त्यावर घण घालून दाखवायचा, "बघा साहेब, तुटतंय का?" नाहीच तुटायचं. मग आम्ही तोच भाग पुसून त्यावर लाल डाय मारायचो, मुरू द्यायचो, वरचा डाय पुसून पांढरा डेव्हलपर, म्हणजे आत मुरलेला डाय बाहेर ओढणारी पूड, फवारायचो. थोड्या वेळाने जोडाच्या अगदी कडेला केसाएवढी लाल रेघ उमटायची, म्हणजे तिथे भेग. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसलेलं नसायचं. लॉट परत. सप्लायर शिव्या घालायचा, तुमच्यापेक्षा जरा सभ्य भाषेत.

तुमचं ‘मजबूत वेल्डिंग’ म्हणजे तोच घण आहे. हेलिकॉप्टरचा भाग एका दणक्याने क्वचित जातो, तो थकून जातो. उडताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं, दुसऱ्या बाजूचं मागे फिरतं, त्यामुळे प्रत्येक फेरीत पात्यावरचा भार चढतो आणि उतरतो. मिनिटाला 500 फेऱ्या धरल्या तर तासाला 30 हजार वेळा. आणि ओढ किती? पातं 10 किलोचं, त्याच्या वजनाचा मध्य दोन मीटरवर धरा. त्या वेगाला मुळाशी साडेपाच टनांच्या आसपास ताण येतो. गणित अकरावीचं आहे, करून बघा. ती केसाएवढी रेघ तिथे असली तर दर फेरीला थोडी थोडी पुढे सरकते, बाहेरून रंग मात्र झकास दिसतो.

नाशिकरोडला राहत असाल तर गांधीनगरच्या लष्करी केंद्राची हेलिकॉप्टरं डोक्यावरून जाताना रोज ऐकत असाल. अशा यंत्रांत पात्यांच्या, शाफ्टच्या तासांची नोंद असते. तास भरले की ठणठणीत दिसणारा भागही काढून टाकतात. शेडमध्ये भंगारातून आणलेल्या शाफ्टचे आधीचे तास कोण सांगणार? तुम्ही?

कारखान्यातली पण पडतात, हो, पडतात. तो वेगळा विषय आहे, आज त्यात शिरत नाही. अमेरिकेचं म्हणाल तर तिथे घरी बांधलेल्या यंत्राला आधी ठरावीक तास, बहुधा 40, वस्तीपासून लांब प्रवाशांविना उडवून दाखवावं लागतं. आत पाटी असते, की हे हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. तुमच्या ओळखीच्या कुठल्या पोराने अशी पाटी लावलीय?

राहता राहिलं मराठी पोरांचे पाय ओढणं. हे मला खरंच लागलं. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीला एका तरुणाने स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेतली. पातं तुटलं, डोक्याला लागलं आणि तो गेला. तेव्हा फेसबुकवर ‘देशी जुगाड’ म्हणून त्याचा व्हिडिओ फिरवणारे तुमच्यासारखेच होते. त्याच्या हातातल्या कलेबद्दल मी मागच्या लेखातही आदरानेच लिहिलंय, पण तो परिच्छेद वाचायला तुम्हाला वेळ मिळालेला दिसत नाही.

मुद्दा असेल तर खुशाल लिहा, पण खऱ्या नावाने. टोपणनावाला यापुढे उत्तर देणार नाही, आणि मला अरे-तुरे करणारी तुमची दुसरी प्रतिक्रिया काढून टाकली आहे.