‘10 मिनिटांत किमुरा लॉक’? आधी थापटायला शिका

आठवडाभरात एकच व्हिडिओ तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. खालचा मजकूर असा: ‘जपानी मल्ल किमुराने शोधलेला हा डाव 10 मिनिटांत येतो. ताकद लागत नाही. मनगट धरा, मागे पिरगाळा, समोरचा ओरडला की सोडा. घरातल्या प्रत्येक मुलीला शिकवा.’ ज्युदोच्या मॅटवर काही वर्षं घासलेला माणूस म्हणून हे वाचून गप्प बसवेना.

किमुराने शोधला, हे आधी निकालात काढू. मासाहिको किमुरा यांचा जन्म 1917 चा. कोपरात वाकवलेला हात पिरगाळून खांद्यावर ताण आणणाऱ्या या डावाला ज्युदोत ‘उदे-गारामी’ म्हणतात आणि ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या कोदोकान या संस्थेतल्या ‘कातामे-नो-काता’ या जमिनीवरच्या पकडींच्या ठरावीक सराव-संचात तो किमुरांच्या जन्माआधीपासून आहे. त्यांचं नाव डावाला चिकटलं ते ब्राझीलमध्ये, 1951 च्या एका लढतीनंतर.

ती लढत जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ‘ओरडला की सोडा’ या सल्ल्याचं उत्तर तिच्यातच आहे. 23 ऑक्टोबर, रिओचं माराकाना स्टेडियम, समोर ब्राझिलियन जिउ-जित्सूचे हेलिओ ग्रेसी. आपल्या कुस्तीत चीतपट झाली की निकाल लागतो. इथे नियमच असा होता की फेकणं आणि दाबून धरणं मोजायचं नाही, हार कबूल करवायची किंवा शुद्ध हरपवायची. किमुरांनी ग्रेसींना पुन्हा पुन्हा आपटलं आणि दुसऱ्या फेरीत त्यांचा हात उदे-गारामीत धरला. ग्रेसींनी हार मानलीच नाही. शेवटी त्यांच्या बाजूने हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल टाकला गेला, तेव्हा लढत थांबली. म्हणजे ज्याचा हात अडकलाय तो कबूल करेलच, याची खात्री नाही. शिवाय खांदा आधी दुखेल आणि मग बिघडेल, असा क्रम तो पाळत नाही. म्हणून सरावात ओरडण्याची वाट कुणी बघत नाही. जोडीदाराला किंवा मॅटला दोनदा थापटायचं, हात अडकले असतील तर ‘माइत्ता’ (हरलो) म्हणायचं, आणि त्याच क्षणी समोरच्याने सोडायचं. शिकवणी इथून सुरू होते. व्हिडिओत हे कुठेच नाही.

‘मनगट पिरगाळा’ हे तर तंत्र म्हणूनच चूक. एका हाताने त्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून खालून आपलंच मनगट पकडायचं. कोपर काटकोनात, हात आपल्या छातीला घट्ट. मग फिरायचं ते आपल्या धडाने. नुसत्या मनगटाशी झटापट केलीत तर तो निवांतपणे स्वतःचा पट्टा धरून बसेल. त्याने हात सरळ केला, तर तुम्हाला दुसऱ्या डावाकडे वळावं लागतं. आणि त्याचं शरीर मोकळं असेल तर तो तुमच्यासकट लोळून निसटतो. आधी त्याला जमिनीला जखडायचं, हा भाग शिकायलाच महिने जातात.

ताकद लागत नाही? तरफेमुळे कमी लागते, इतकंच खरं. स्वतः किमुरा झाडावर ओसोतो-गारी (पायाने पाय मागून उडवून पाडण्याचा डाव) मारत सराव करणारे गडी होते, आणि ग्रेसींपेक्षा चांगलेच वजनदार.

आता मुलींचं. स्वसंरक्षण शिकवायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण या डावात दोन्ही हात गुंततात आणि बहुतेक वेळा आपणही जमिनीवर असतो. रस्त्यावर हल्लेखोराचा दुसरा सोबती उभा असेल तर? शाळकरी मुलांचं म्हणाल, तर खुद्द जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या ज्युदो स्पर्धांत गळा आवळणं आणि सांध्यांचे डाव दोन्ही बंद आहेत. माझ्या क्लबातल्या दहा वर्षांच्या पोरी सध्या उकेमी करतात, म्हणजे न लागता पडणं. परवा त्यातल्या एकीने मला हाच व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, ‘सर, यात तो थापटत का नाहीये?’